बँकेत उभे केलेले माझे चार भाडेकरू

गेल्या महिन्यात भर बँकेत माझी इज्जत गेली... आणि त्यामुळंच काम झालं.

आमचे मालक वारल्यापासून धाराशिवातल्या चार खोल्यांच्या भाड्यावर माझं घर चालतं. खोल्यांवरचं जुनं कर्ज बरंच फिटलंय, किंमत मात्र वाढलीय. म्हटलं, त्याच खोल्यांवर वाढीव कर्ज घ्यावं आणि मिरची कांडप टाकावं. एक जुनं मशीन बघून ठेवलं होतं... विकणारा महिनाभरच थांबणार होता.

बँकेतला साहेब माझ्या लेकाच्या वयाचा. "मावशी, नोकरी काय करता?"

"भाडं वसूल करते. करून बघा एकदा, नोकरीपेक्षा जड हाय."

त्याला भाड्याचा पुरावा पाहिजे. माझ्याकडं कुठला? सगळं रोख, करार नाही. बेंबळीचे गुरुजी तर निम्मं भाडं घरच्या ज्वारीत देतात...

"ज्वारी खात्यात कशी दाखवू, मावशी?"

मला हेलपाटे जमत नाहीत. चौघा भाडेकरूंना फोन केला आणि तासाभरात साहेबापुढं उभं केलं. रिक्षाचे पैसेसुद्धा मीच दिले.

वाटलं, चार शब्द चांगले बोलतील. कसलं काय! साहेबानं विचारलं, भाडं वेळेवर देता का? गुरुजी भडकलेच. "न देऊन सांगतो कुणाला? एक तारखेला सकाळी सहाला दार वाजतं. दोन तारीख उजाडली की पाण्याची मोटार बंद!"

दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "माझं लग्न एक तारखेला होतं. काकू मांडवात आल्या, आहेर दिला, भाडं घेऊन गेल्या."

अख्खी बँक हसत होती. मला तोंड कुठं लपवू असं झालं...

साहेब मात्र लिहीत होता. "मावशी, इतकी वर्षं एकही भाडं चुकलं नाही म्हणायचं! करार करून आणा, भाडं खात्यावर घ्या. फाईल मी पुढं पाठवतो."

करारावर सही करायच्या आधी चौघांनी अट घातली... मोटार कधीच बंद करायची नाही. दिलं लिहून, काय करता!

परवा कर्ज मंजूर झालं, काल मशीन आलं. पहिली मिरची त्या चौघांचीच कांडणार, पैसे न घेता. त्यांनी माझ्याविरुद्ध गाऱ्हाणी सांगितली म्हणून तर हे दिवस आले.

भाडं आता खात्यावर येतं. तरी एक तारखेला सहाला जाग येतेच... मग उठून मोटार चालू करते.