पितराची पोस्त

दिवाळीची पोस्त कोणाला आणि कशी द्यावी, यावर माझी मतं ठाम आहेत आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती सांगते. सिलेंडरवाला, घंटागाडीवाले, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा, दूधवाला, आणि हल्ली पार्सलं आणणारे. पाकीट दारातच द्यावं, हसत द्यावं, सोबत फराळाचा पुडा द्यावा आणि उपकार केल्याचा आव आणू नये. पोस्त दिली की दोन्हीकडची फिट्टंफाट होते, माणूस आपल्या वाटेला लागतो. गेल्या दिवाळीत जळगावला जाऊन मला नेमकं हेच करायचं होतं. एका पार्सलवाल्याला आईच्या देखत पोस्त द्यायची, म्हणजे तो नुसता पार्सलवाला आहे हे तिला दिसेल.

कारण आईच्या लेखी तो माझा बाप होता.

आबा, माझे वडील, त्याआधीच्या थंडीत गेले. मी एकुलती एक, नोकरी आणि संसार धुळ्याला, आणि आई जळगावच्या घरात एकटी. माझ्याकडे चल म्हणून मी फोनवर तिच्याशी भांडायचे. शेवटी ती म्हणाली, अखाजी होऊ दे, मग येते. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. तेवढ्यापुरता तो पितर. तो जेवून उंबरठा ओलांडून गेला की गेलेलं माणूस सुटलं, असं आई मानते. त्याला मागून हाक मारायची नसते. हे मला तिनं आधी सांगितलं होतं की नव्हतं, यावर आमचं अजून एकमत नाही.

पाटावर बसायला आबांचा चुलतभाऊ धरणगावहून येणार होता. बांधावरून त्याचं आणि आबांचं वाकडं होतं. तो मेल्या भावासाठीही आला नाही. दुपार डोक्यावर आली. वैशाखातल्या दुपारी जळगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळ्यांची दारं लावलेली, पलीकडच्या गॅरेजचे पत्रे आपोआप तडतडत होते. इकडे घागर भरून ठेवलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी, खापरावरचे मांडे फडक्याखाली, आमरस कोमट होत चाललेला. पितर जेवल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. आई उंबरठ्याशी बसून रस्त्याकडे बघत होती. तिचं ते बघणं मला बघवेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. कूलरचा पंप मागवला होता, तो घेऊन पार्सलवाला आला होता. चाळिशीचा असेल, तोंडाला रुमाल बांधलेला. आई उठून उभी राहिली.

"भाऊ, आज अखाजी शे. पितर म्हनीसन जेवाले बठशी का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो खेड्यातलाच होता, नरडाण्याकडचा. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. "बरं अक्का," म्हणाला, बूट काढले आणि आत आला. मी त्याला बेसिन दाखवायला हात केला, तोवर तो स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दारी गेला आणि मोरीच्या नळावर हातपाय धुऊन आला. आबा तिथंच धुवायचे. बेसिनला ते शोभेची वस्तू म्हणायचे. कॉलनीतली सगळी घरं एकाच नकाशाची आहेत आणि हा रोज घरोघर फिरतो, असं मी मनाला सांगितलं.

मग त्यानं पायानं पाट भिंतीकडे सरकवला आणि पाठ टेकून बसला. आईच्या हातातला पळा तसाच थांबला. आबा असेच बसायचे. आता दिवसभर दुचाकीवर असणाऱ्याची पाठ दुखणारच, हेही मी मनाला सांगितलं. तो मान खाली घालून सावकाश जेवला. आई वाढत होती आणि वाढता वाढता डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. माहेरच्या माणसांसमोर ती पदर घेत नाही, परक्यांसमोरही हल्ली घेत नाही. आबांसमोर मात्र घ्यायची.

जेवण झालं. आईनं त्याला टोपी-टॉवेल दिला, त्याच्या पाया पडली, आणि तो गेला. मला मात्र चैन पडेना. भर उन्हात माणसाला अडवायचं, त्याची कामं रखडवायची आणि टॉवेलवर बोळवण करायची, ही कुठली रीत? पर्समधून नोट काढून मी धावले. तो गाडीला किक मारत होता.

"अहो, थांबा जरा," मी मोठ्यानं हाक मारली.

"नको," आई मागून म्हणाली.

तो वळला. फाटकाशी थांबून नोट घ्यायची सोडून तो आत आला. बूट पुन्हा काढले, उंबरठा ओलांडला, बैठकीच्या मधोमध उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "काय ऱ्हायनं?"

बाहेर जाताना आबा कधीही काही विसरले की दारातून परत येऊन असंच विचारायचे. सगळेच नवरे विचारतात म्हणा. मी नोट त्याच्या हातात कोंबली. त्यानं ती न बघताच खिशात टाकली, घरभर एकदा नजर फिरवली आणि गेला.

कूलर उघडून पडला होता, वर पंखा गरम वारा ढकलत होता. आई भिंतीजवळच्या पाटाकडे बघत होती.

"तो गया," ती म्हणाली. "त्या नही गयात." आबांना ती बोलीत 'त्या' म्हणायची.

त्यानंतर धुळ्याला येण्याचं नाव तिनं काढलं नाही. फोनवर आवाज छान असायचा. झोप लागते म्हणायची, भूक लागते म्हणायची. मला आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. गणपतीत गेले तर आबांच्या पलंगावर छतापर्यंत खोकी रचलेली. चाळण्या, पायपुसणी, डबे. फोनवरून मागवायला ती शिकली होती. एकही खोकं उघडलेलं नव्हतं. आणणारा तोच पार्सलवाला होता आणि रोज येऊन भिंतीजवळच्या पाटावर बसत होता.

"उघडाले मांगाडं का मी?" तिनं मलाच विचारलं. मग म्हणाली, "घरमा मानूस शे, नि मी कुलूप लावीसन तुनाकडे येऊ?"

मी त्या माणसाला रस्त्यात गाठलं आणि चांगलंच झाडायच्या तयारीनं विचारलं, तुम्ही रोज आमच्याकडे बसता, कशासाठी? तो रागावला नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का चहा देतस. मी काई बोलत नही, ताई. नुसता बठस." थोडा वेळ तो हँडलवर अंगठा घासत राहिला. "पन तठे बठं का उठता येत नही."

मग मी ठरवलं, याला रीतसर पोस्त द्यायची. घरच्या माणसाला कोणी पोस्त देत नाही. माझ्या हातून, आईच्या डोळ्यांसमोर त्यानं पाकीट घेतलं की तो परका झाला, आणि तो परका झाला की आई माझ्याबरोबर निघाली.

पाडव्याला गेले. आदल्या दिवसांत त्याची पाळी जुळत नव्हती. माझा नवरा तिकडे ओवाळणीचं पाकीट घेऊन बसला होता, त्याला सांगितलं की रात्रीच्या आत आईला घेऊन येते. दोघींच्या बॅगा भरल्या. तिनं भरू दिल्या, हे मला चांगलं लक्षण वाटलं. दिवेलागणीला ती पणत्यांचं ताट घेऊन ओट्यावर ठेवायला निघाली आणि फाटक वाजलं.

तो दारात आला. हातात नेहमीसारखं खोकं होतं. मी पुढं झाले, शिकवलेल्या पोरीसारखी हसले आणि फराळाचा पुडा व पाकीट समोर धरलं. "भाऊ, वर्षभर तुम्ही आमच्यासाठी धावपळ केली. ही तुमची पोस्त."

त्यानं घेतलं. दोन्ही हातांनी, नीट, मान लववून घेतलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी आईकडे वळून बघितलं, तिनंही पाहिलंय याची खात्री करायला.

त्यानं फराळाचा पुडा खोक्यावर ठेवला, खोकं खाली ठेवलं. मग उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकून ते पाकीट आईच्या ताटात, पणत्यांच्या मधोमध ठेवलं.

जेवलेल्या घरचे पैसे त्याला नको असतील. त्याला दुसरं काही सुचलं नसेल. मी आजही असंच म्हणते. पण तेव्हा आईनं ताट दोन्ही हातांनी किंचित वर उचललं होतं. ज्योती तिच्या चेहऱ्याशी आल्या. तो चेहरा इतका सुखी होता की आबा जिवंत असतानाही मी तिला तशी पाहिली नव्हती, आणि मला भीती वाटली ती त्या सुखाची. ताट हिसकावून घ्यायचं मनात आलं. हात उचललाच नाही.

आईनं माझी बॅग पायानं माझ्याकडे सरकवली.

"तू नीघ आते," ती म्हणाली. "तुना मानूस वाट देखी ऱ्हायना व्हई."