ओवीचा घारा डोळा

डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद केला, ओवीच्या उजव्या डोळ्यात छोट्या बॅटरीचा झोत टाकला आणि ते एकदम जवळ वाकले. तोवर चिऊ कुठंय, माऊ कुठंय असं सगळं मजेत चाललं होतं. त्यांनी डावा डोळा पाहिला, परत उजवा पाहिला, दिवा लावला आणि सिस्टरला म्हणाले, "हिला बाहेरचे मासे दाखवून आणा." दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे होते. ओवी उड्या मारत गेली.

आम्ही गेलो होतो तिरळेपणासाठी. साडेतीन वर्षांची पोर, उजव्या बाजूच्या दाराला सारखी धडकायची आणि तो डोळा जरा बाहेर वळायचा. चष्मा लागेल, फार तर पट्टी बांधतील, असं मनात होतं.

"डोळा असा चमकतोय कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कौतुकानं सांगितलं, "दिवाळीपासून. तिचे आजोबा घारे आहेत ना, त्यांच्यावर चाललीय."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "ताई, हा डोळा घारा नाही. आत गाठ आहे."

त्यांनी कागदावर नाव लिहून दिलं, रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला रेटिना नावाचा पडदा असतो. आपण जे बघतो त्याचं चित्र त्यावर उमटतं. लहान मुलांच्या त्या पडद्याला होणारा हा कॅन्सर. आत गेलेला उजेड गाठीवर आपटून परत येतो, म्हणून बाहुली काळी न दिसता पांढरट चमकते, मांजराच्या डोळ्यासारखी. तिला ल्युकोकोरिया म्हणतात, म्हणजे पांढरी बाहुली. हे सगळं मी आज घडाघडा सांगते. त्या दिवशी मला फक्त कॅन्सर एवढंच ऐकू आलं होतं.

हे लिहायचं कारण असं की आता मला फोन येतात. कुणाकुणाकडून नंबर मिळवून आईबाप विचारतात, आमच्या बाळाचा डोळा फोटोत पांढरा दिसतो, काय करू? सल्ला देणं हा तसा माझा जुना धंदा. संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मी त्याची ॲडमिन. मूल जेवत नाही, मोबाईल सोडत नाही, सासूबाई चहात बिस्कीट बुडवून बाळाला भरवतात, अशा सगळ्या तक्रारी माझ्या कोर्टात यायच्या आणि मी बसल्या जागी निकाल द्यायचे. तेव्हा या डोळ्याची गोष्ट आधी सांगते, मग सल्ला.

माझे सासरे म्हणजे नाना. वैजापूरला असतात. मार्केट यार्डात त्यांची कांद्याची आडत होती, आणि आख्ख्या यार्डात ते घारे नाना म्हणूनच ओळखले जायचे. नानांच्या डोळ्यांत बघून सौदा करू नका, भाव पडतो, असं शेतकरी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि नाना खूश व्हायचे. त्यांना एकच दुःख होतं. तिन्ही पोरांपैकी एकालाही त्यांचे डोळे मिळाले नाहीत. माझा नवरा सचिन तर अगदी काळ्याभोर डोळ्यांचा. "सगळे आईवर गेले, माझं कुणी काय घेतलंच नाय," असं ते दर सणाला एकदा तरी म्हणायचे.

त्या दिवाळीत आम्ही वैजापूरला होतो. तिन्हीसांजेला ओवी पणतीजवळ वाकली आणि तिचा उजवा डोळा लखकन चमकला. नानांनी तिला उचलून अंगणभर नाचवली. "माझा डोळा उचलला पोरीनं! माझा डोळा!" दुसऱ्या दिवशी यार्डात जाऊन पेढे वाटून आले. एकच डोळा घारा कसा, असं सचिननं विचारलं, तर म्हणाले, "दुसरा बी होईल. दमानं घे."

घरी आल्यावर मी ग्रुपवर टाकलं, मुलांचे डोळे घारे व्हायला किती दिवस लागतात, आणि एक आधी होतो का? भराभर उत्तरं आली. एकीनं भिजवलेले बदाम सांगितले, एकीनं गाईचं तूप. एकीनं विचारलं, दिवस असताना केशर घेतलं होतं का? एकीनं आपल्या घाऱ्या भाच्याचा फोटो टाकला. डॉक्टरला दाखव, असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि त्यांना नावं कशाला ठेवू? हाच प्रश्न दुसरीनं विचारला असता तर मीही बदामच सांगितले असते.

तपासण्या सुरू झाल्या. आधी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. मग एमआरआय, गाठ डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे सरकली आहे का ते बघायला. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन हैदराबादला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आमच्याकडची माणसं डोळ्यांसाठी पूर्वीपासून तिकडंच जातात. तिथल्या वेटिंग रूममध्ये नांदेडचे, जालन्याचे, परभणीचे लोक भेटले. एका डोळ्याला पट्टी बांधलेली मुलं खुर्च्यांमधून पळापळी खेळत होती. ओवीनं त्यांच्यात शिरायला फार वेळ लावला नाही. मी मात्र त्या मुलांकडे बघायचं टाळत होते.

तिथं ईयूए झालं, म्हणजे मुलाला भूल देऊन दोन्ही डोळे नीट तपासणं. त्यासाठी सकाळपासून उपाशी ठेवावं लागतं. ओवी बिस्कीट मागत होती, आणि समोरच्या बाई आपल्या मुलाला पदराआड केळं भरवत होत्या. त्यांचा नंबर होऊन गेला होता, त्यांचं काही चुकत नव्हतं. तरी मला त्या बाईंचा इतका राग आला की रडू फुटलं.

तपासणीनंतर तिथल्या डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. त्या मूळच्या तेलुगू, पण आमच्या भागातले रुग्ण बघून बघून छान मराठी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "डावा डोळा चांगला आहे. उजवा ग्रुप ई आहे." ए ते ई अशा पायऱ्या असतात आणि ई ही शेवटची. "या डोळ्यानं तिला दिसत नाही आणि आता तो वाचणार नाही. मूल वाचू शकतं. एन्युक्लिएशन करू." एन्युक्लिएशन म्हणजे पूर्ण डोळा काढून टाकणं. सचिननं विचारलं, औषधानं थोडे दिवस बघू या का? "डोळा वाचवायला जाल तर मूल घालवाल," मॅडम म्हणाल्या. "मला तुमचा होकार लवकर हवा आहे."

लॉजवर आलो आणि फोनवर सगळं गाव उतरलं. सासूबाई रडून म्हणाल्या, "पोरीची जात हाय गं. उद्या कुणी पाहायला आलं तर काय सांगायचं?" ग्रुपवर पुणे, मुंबई, चेन्नई अशी नावं आली. पिशोरकडचे एक वैद्य झाडपाल्याचा रस घालून डोळा साफ करतात, असं दोघींनी खात्रीनं कळवलं. घाई करू नकोस, असं तर सगळ्यांनीच सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला बरं वाटत होतं. पोटच्या पोरीचा डोळा काढा असं आपल्या तोंडानं म्हणायचं नव्हतं आणि थांब म्हणणारी इतकी माणसं भेटली होती. सचिन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी नानांचा फोन आला. "मी निघालोय. मी येईस्तोर सही करायची नाय."

नाना डोळा काढू देणार नाहीत, हे आम्ही धरूनच चाललो. उलट मनातून वाटलं, बरं झालं, आता नाही म्हणायचं पाप त्यांच्या माथी जाईल.

वैजापूरजवळच्या रोटेगाव स्टेशनवरून गाडीत बसून नाना दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले ते थेट दवाखान्यात. अंघोळ नाही, चहा नाही. मॅडमच्या समोर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, माझा घ्या."

मॅडमना कळलं नाही.

"डोळा माझा घ्या. उजवा घ्या नायतर डावा. तिनं माझाच डोळा घेतला होता, तो खराब निघाला. माझं आता काय ऱ्हायलंय बघायचं? एकावर बी भागंल माझं."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. "आजोबा, आख्खा डोळा एकाचा काढून दुसऱ्याला बसवता येत नाही. पुढची काच, कॉर्निया म्हणतात तिला, तेवढी बदलता येते. पण मागची नस तुटली की जगात कुणाला जोडता येत नाही. आणि हे तुमच्याकडून आलेलं नाही. घाऱ्या डोळ्यांचा आणि या गाठीचा काही संबंध नाही."

नानांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नाही. आजही पटलेलं नाही. बराच वेळ ते टोपीची घडी घालत होते आणि मोडत होते. मग सचिनकडे न बघता म्हणाले, "सही कर बाबा."

आता ओवीला काय सांगायचं? मी सवयीनं ग्रुपवर विचारलं. परीनं डोळा नेला म्हण, देवबाप्पानं खेळायला मागितला म्हण, काही सांगूच नको, लहान आहे, विसरेल. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगा. तिच्या शब्दांत सांगा. खोटं सांगितलंत तर पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि पुढच्या वेळा पुष्कळ आहेत."

मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, "ओवी, तुझा चमकणारा डोळा आजारी आहे. चमकतो ना, तो आजारी असतो. डॉक्टर तो काढणार. तू झोपलेली असशील, तेव्हा दुखणार नाही."

"मग तो कुठं जाईल?" तिनं विचारलं.

मी तिच्या वेण्या घातल्या, त्या इतक्या घट्ट झाल्या की ती ओरडली.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली तेव्हा आत प्लास्टिकची एक पातळ वाटी होती. तिला कन्फॉर्मर म्हणतात. नकली डोळा बसेपर्यंत ती पापण्यांच्या आतली जागा धरून ठेवते. थेंब मीच घालायचे. पहिल्यांदा पापणी वर केली आणि माझ्या लेकीचा डोळा जिथं होता तिथं नुसतं लाल मांस दिसलं. मी तिच्यासमोर हसत राहिले. मन तुटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

काढलेला डोळा तपासायला जातो. गाठ नसेत शिरलेली नव्हती, पण डोळ्याच्या इतर थरांत थोडी उतरली होती, म्हणून केमोथेरपी, म्हणजे शिरेतून कॅन्सरची औषधं, घ्यावी लागली. ती इथं संभाजीनगरातच झाली. केस गेले, तोंड आलं. तेव्हा शेजारच्या नसरीनभाभी रोज येऊन बसायच्या. "मेरेकू इसमें का कुछ मालूम नै, बाजी. मैं खाली बैठती," असं म्हणायच्या आणि खरंच नुसत्या बसायच्या. सल्ला न देणारं तेवढं एकच माणूस मला भेटलं.

मग नकली डोळ्यासाठी परत हैदराबाद. तो करणाऱ्याला ऑक्युलरिस्ट म्हणतात. ते साचा घेतात, दुसऱ्या डोळ्याकडे बघून हातानं बारीक ब्रशनं बुबुळ रंगवतात. नाना हट्टानं सोबत आले होते. रंगवणाऱ्या दादांनी तपकिरी छटांचे नमुने पुढं मांडले आणि त्यातली एक उचलून म्हणाले, "थोडी हलकी घेऊ का?" नाना एवढ्या मोठ्यानं बोलले की सगळे दचकले. "काळा करा. पार काळा. दुसऱ्यासारखा."

त्या दिवसापासून नाना काळा गॉगल लावतात. घरात, देवळात, यार्डात, सगळीकडे. वैजापुरात लोकांना वाटतं मोतीबिंदू काढला. नाना तसंच सांगतात.

आता सल्ला, कारण तुम्ही त्यासाठीच फोन करता. फोटोत किंवा उजेडात बाळाची बाहुली पांढरी चमकली, डोळा तिरळा झाला, तर ग्रुपवर विचारू नका, मलाही विचारू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि आजच जा. काही नसेल तर हसत घरी या. लवकर कळलं तर बऱ्याचदा डोळाही वाचतो. आमचा नाही वाचला. ओवी आहे, एवढं मी रोज स्वतःला सांगते आणि त्या डॉक्टरांचे, मॅडमचे पाय मनातल्या मनात धरते. डाव्या डोळ्यासाठी दर काही महिन्यांनी भूल देऊन तपासणी अजून चालू आहे. मी ग्रुपची ॲडमिनगिरी सोडली. शहाणपण आलं असं नाही, पण दुसऱ्याच्या लेकराबद्दल आता ठासून बोलवत नाही.

ओवी आता पाचची झालीय. गेल्या रविवारी नाना आले होते. गॅलरीत उतरतं ऊन होतं. ती त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांना कळायच्या आत तिनं गॉगल ओढून काढला. ऊन सरळ नानांच्या डोळ्यांवर आलं. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. ती इतका वेळ बघत राहिली की नानांनी मान वळवली. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड परत आपल्याकडे केलं.

"नाना, तुमचे चमकतात," ती हळूच म्हणाली. "दोन्ही."

नानांनी गॉगलसाठी हात पुढं केला.

"भिऊ नका. झोपल्यावर काढतात, दुखत नाही. मी येईन ना तुमच्याबरोबर."

नानांचे दोन्ही घारे डोळे भरून वाहायला लागले. "येशील ना गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," ती अगदी त्यांच्यासारखं म्हणाली. "तिथं मासे पण असतात."