जात्यासमोरची जागा

ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. सत्तरच्या दशकात सांगलीत शिकताना, ओव्या टिपायला आलेल्या एका परदेशी विद्यार्थिनीचा मी दुभाषा होतो. जवळच्या आष्टा गावात एक म्हातारी दळता दळता गात होती. टेपमध्ये घरघरच येते म्हणून मी डाफरलो, "आजी, जातं थांबवा, नुसतं गा!" ती कडाडली, "नुसत्या तोंडानं ओवी येती व्हय रं? दळायचं न्हाई तर ऊठ हितनं!" त्या विद्यार्थिनीला शब्द कळले नाहीत, पण ती टेप खाली ठेवून समोर बसली आणि तिनं खुंटा धरला. म्हातारी पुन्हा गाऊ लागली. मी दारात चरफडत उभा. आता राग येतो तो स्वतःचाच. घरी आई रोज एकटी दळायची आणि तिच्यासमोर मी एकदाही बसलो नव्हतो.