टाके घातलेला पायमोजा

दुपारचे अडीच वाजलेत आणि हेमलता पलंगावर आडवी आहे, ब्रामध्ये डावीकडे तांदूळ भरलेला पायमोजा घालून, त्याच्या तोंडाला रबरबँड. हसायचं तर हसा, डॉक्टरांनीच सांगितलंय. वर्षापूर्वी कॅन्सरने ती बाजू नेली, आता तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं आहे. केवढं, ते घरी तांदूळ घालून बघा आणि सहापर्यंत कळवा.

सल्ल्यांना काही तोटा नाही. "बसवायचंच आहे तर मोठं घ्या, उजवीकडेही भरून टाकू, तरुण दिसाल," असं डॉक्टर म्हणाले. "पंचेचाळिशीत कोणाला दाखवायचंय?" असं नणंद म्हणाली. शाळेत पोरींना खो-खो शिकवणाऱ्या हेमलताला काय हवंय, हे एकानेही विचारलं नाही. तो राग गिळता गिळता तिचे डोळे जड होतात.

शिलाई मशीनचा आवाज येतो. पलंगाच्या पायथ्याशी शकूआत्या बसली आहे. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. मिरजेत अर्ध्या पेठेचे ब्लाउज शिवणारी आत्या स्वतःच्या ब्लाउजात एका बाजूला मोहरीची पिशवी घालायची. तिचीही एक बाजू अशीच गेली होती.

"ऊठ की. सरळ उभी राहा, पोक काढू नको."

हेमलता उभी राहते ती आत्याच्या दुकानात. आत्या गळ्यातली टेप तिच्या छातीवर आडवी धरते.

"डॉक्टर तीनशे पंचवीस सीसीचं बसवू म्हणतायत, आत्या."

"म्हणू देत. आधी रुंदी बघायची, मग भरायचं. तुझी छाती अरुंद. एवढं कोंबलंस तर काखेत येईल. पळून बघ."

दुकानाची फरशी संपते तिथे शाळेचं मैदान सुरू होतं. हेमलता पळते. पायमोजा हिंदकळतो, काखेत रुततो. खांबाला वळसा घालताना तिचा हात अडतो. खांबाशी आत्या उभी आहे, हातात सुई.

"मग काहीच नको का? नणंद म्हणते तसं?"

"तिला विचारलंय कोणी?" आत्या फणकारते. "एकदा हळदीकुंकवाला माझी पिशवी सरकली. बायका हसल्या. पुन्हा मी कुठं गेले नाही. शेवटच्या आंघोळीला तर भवान्यांनी ती काढूनच फेकली. तशीच नेली मला, एका बाजूनं रिकामी."

हेमलताला रडू येतं आणि रडण्याहून संताप जास्त येतो.

"मला हवंय, आत्या. माझ्यासाठी. पण पळता येईल एवढंच."

"आता कशी बोललीस!"

आत्या पायमोज्यातून एक मूठ तांदूळ काढते, हेमलता एक फेरी पळते. दुसरी मूठ, दुसरी फेरी. तिसऱ्या मुठीला हात मोकळा फिरतो.

"बास," म्हणते ती हेमलताच. आत्या मान डोलावते आणि दाताने दोरा तोडते.

जाग येते तेव्हा ऊन खिडकीतून उतरलेलं आहे. चादरीवर तीनेक मुठी तांदूळ सांडलेत. रबरबँड सुटलं असेल, असं म्हणत ती पायमोजा बाहेर काढते. त्याचं तोंड हिरव्या दोऱ्याने शिवलेलं आहे, टाके बारीक आणि एकसारखे. घरात हिरवा दोरा नाही. आणि हेमलताला साधं बटणही लावता येत नाही.

ती टाक्यांवरून बोट फिरवते आणि फोन लावते.

"डॉक्टर, माप ठरलं. घेऊन येतेय. एक दाणा जास्त नको, एक दाणा कमी नको. आणि माझ्या उजव्या बाजूला कोणी हात लावायचा नाही."