जायफळाचे वेढे

माझी सून मला आत्या म्हणते, आमच्या भागातल्या रीतीप्रमाणं. नात महिना-दीड महिन्याची असताना ती सहाणेजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, जायफळाचं वेढं किती घेतलं?" तेव्हाच मी ओळखलं, बाईच्या मनात काहीतरी शिजतंय.

बाळगुटीतलं प्रत्येक औषध सहाणेवर एकेक वेढा उगाळायचं असतं. जायफळ जास्त झालं तर मूल झोपतं, हे इकडच्या सगळ्या बायकांना ठाऊक. आणि नात तर झोपतच होती. पाजायला घेतली की दोन घोट पिऊन डोळे मिटायची. पाय गार, रडणं घोगरं. माधवनगरातल्या शेजारणी म्हणायच्या, "लय गुणाचं प्वार हाय." सुनेला मात्र हे गुण माझ्या हातचे वाटत होते.

खरं तर बाळंतपणाला ती साताऱ्याला माहेरी जायची होती. पण पोर दिवस भरायच्या आत आली, पोट फुगलेलं, म्हणून सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावी लागली. तिथं शिरेतून औषध सोडून तिच्या पोटाचे फोटो काढले. पोट आपोआप उतरलं, आम्ही घरी आलो. जन्मल्यावर जन्मजात आजारांसाठी टाचेतलं रक्तही तपासलं होतं, ते ठीक होतं. मग उरलं कोण? मी.

एकदा स्वयंपाकघरातून मी तिचा फोन ऐकला. माझा मुलगा सैन्यात, त्याला सांगत होती, "आत्या काय देत्यात कळंना झालंय. आफू तर न्हाई ना?"

अफू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येऊन मी सहाण तिच्यापुढं आपटली. "घे. आजपास्नं गुटी बंद. बघू आता कुणाला नावं ठेवतीस."

मग मीही तिच्यावर डोळा ठेवला. हिला दूध येतंय का? का पोर उपाशीच निजवते? ती माझ्या हातांकडं बघायची, मी तिच्या.

गुटी बंद होऊनही पोर तशीच झोपायची. खोटं का बोलू, आधी मला जिंकल्यासारखं वाटलं. पण एका सकाळी पायांवर घेऊन आंघोळ घालताना तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं, आणि ती रडलीच नाही. तिच्या बापानं याच वयात गल्ली डोक्यावर घेतली होती. तशीच पंचात गुंडाळून सुनेला म्हटलं, "ऊठ. दवाखान्यात जायचं."

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुटी देता का?" सुनेनं माझ्याकडं पाहिलं.

"बंद हाय. हिलाच इचारा," मी म्हटलं.

मग त्यांनी जन्मापासूनचं सगळं विचारलं. फोटोच्या वेळच्या औषधाशी येताच ते थांबले आणि रक्त घ्यायला सांगितलं. संध्याकाळी कळलं, पोरीची थायरॉईड मंदावली होती. त्या औषधात आयोडीन असतं, एवढ्या लहान जिवात त्यानं कधीकधी ही गळ्यातली ग्रंथी काम थांबवते. उपचार लांबले असते तर मेंदूच्या वाढीवर परिणाम झाला असता. आता रोज गोळी. "जायफळाचा यात दोष नाही," डॉक्टर म्हणाले, "पण गुटी बंदच ठेवा." हे दुसरं वाक्य मला अजून आवडलेलं नाही.

रिक्षात सून रडली. मी नाही रडले. मला राग होता, आणि त्याहून मोठी भीती होती, की झोपेत गेलेल्या त्या दिवसांनी पोरीचं काय नेलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं गोळी कुटून आपल्या दुधात कालवली आणि चमचा माझ्यापुढं धरला. "आत्या, तुमीच द्या."

"देते," मी म्हटलं, "पण तू हितंच उभी राहून बघ."

ती उभी राहिली. पुढं रोजच उभी राहायची, आणि मी तिला जा म्हटलं नाही.

मग एके सकाळी डोक्यावर पाणी पडताच पोरीनं असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. "आवं, काय केलासा पोरीला?"

मी तोंड उघडायच्या आत सून दारात आडवी उभी राहिली. "आत्यांच्या हातात हाय ती," म्हणाली. "रडू द्या."