प्लंबरचं ‘बघू’

प्लंबर भलताच संशयी. दुधापासून जावयाच्या गोड बोलण्यापर्यंत त्याला सगळ्यात पाणी मिसळलेलं दिसायचं. स्वतः बसवलेला नळसुद्धा चारदा उघडून बघायचा. आणि भिंतीतला पाइपच गेलाय हे कळलं, की गिऱ्हाइकाला एकच शब्द सांगायचा, "बघू." घरात सगळ्यांना ठाऊक होतं, याचं ‘बघू’ म्हणजे भिंत फुटणार.

लेकीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तेरावा आठवडा लागला होता. जावई कामावर अडकला, म्हणून सोनोग्राफीला हाच सोबत गेला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "बाळाच्या यकृतापाशी एक बारीकशी शीर असते. तिच्यातलं रक्त दर ठोक्याला हृदयाकडेच जायला हवं. उलटं फिरलं, तर हृदय नीट तपासावं लागतं."

उलटं पाणी म्हणजे काय, ते प्लंबरला सांगायला नको. पडद्यावर लाल-निळं काहीतरी चमकलं, फुस्स-फुस्स आवाज आला आणि बाईंनी लगेच बटण बंद केलं.

"का हो बंद केलंत?"

"एवढ्या लहान बाळावर हे जास्त वेळ चालवत नाही आम्ही. ते हललं, आलेख नीट आला नाही. बघू पुन्हा."

बघू! प्लंबर ताडकन उठला. ही बाई आपल्याच शाळेतली! आत काहीतरी गेलंय आणि सांगत नाहीये. "काय असेल ते स्पष्ट सांगा," तो ओरडलाच.

"बाबा, गप्प बसा ना जरा," लेक कळवळून म्हणाली. तो बसला, पण त्याची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हलेना.

बाळ स्थिर झालं, तेव्हा पुन्हा काही क्षण तोच आवाज. पडद्यावर रेघेच्या वर लाटाच लाटा उमटल्या. "सगळं पुढेच जातंय. एकही लाट रेघेखाली नाही," बाई म्हणाल्या. प्लंबरनं चष्मा पुसून एकेक लाट तपासली. कुठे खोट सापडेना.

"झालं समाधान?" लेकीनं हसत विचारलं.

"बघू," तो सवयीनं बोलून गेला.

लेकीचं हसू मावळलं. हात पोटावर गेला. "काय दिसलं तुम्हाला, बाबा?"

प्लंबरला स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. जन्मात कुणाच्या कामाची हमी न दिलेला तो माणूस तिचा हात धरून म्हणाला, "काही नाही गं. सरळ चाललंय. मी सांगतो ना!"

तिनं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. बापाचीच लेक ती.

"मग रडताय कशाला?"