पालीच्या खोलीतला हिरवा दिवा

मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना स्वतःची खोली दोन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ताब्यात देऊन गेला. एक ऑस्ट्रेलियाकडचा दाढीवाला सरडा आणि एक ठिपक्यांची पाल. लातुरात पाल नाही असं घर शोधून सापडायचं नाही. पण आमची पाल विकत आणलेली होती. तिला काचेची पेटी होती, उबेसाठी दिवा होता आणि जेवायला जिवंत रातकिडे लागायचे. वसतिगृहात प्राणी चालत नाहीत, असं मुलगा म्हणाला. आईबापाच्या घरात चालतात, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. नळ कोरडे पडलेले, सगळी गल्ली टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि चहाच्या टपरीवर मात्र नवा जिल्हा होणार याचीच चर्चा रंगलेली. आम्ही पाणी मागायचं आणि आम्हाला जिल्ह्याची आशा दाखवायची, अशी आमच्या भागाची एकंदर तऱ्हा. माणसं, जनावरं, झाडं, सगळी वाळून चालली होती. सरडा तेवढा मजेत होता. तो मूळचा वाळवंटातला; त्याला लातूर आता कुठं घरच्यासारखं वाटायला लागलं असावं.

अशात मुखेडजवळच्या आमच्या गावातली विहीर आटली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरला यायला तयार झाले. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहत. त्यांना दमा होता, जरा धूळ उडाली की छाती भात्यासारखी वाजायची. इतकी वर्षं मी बोलावत होतो आणि ते टाळत होते. माझ्यानं जे झालं नाही ते विहिरीनं केलं. पण आमच्या भाड्याच्या घरात रिकामी म्हणावी अशी जागा एकच, पालीची खोली. तिथं पेट्यांमधल्या भुशाची बारीक धूळ आणि रातकिड्यांचा कुबट वास. अण्णा इथून एकदा परत गेले की पुन्हा यायचे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं ठरलं.

दुकानदारानं आधी कूलर दाखवला. त्याला पाणी लागतं म्हटल्यावर तो स्वतःच हसला. मुलगा फोनवरून सूचना देत होता. ओझोन सोडणारं यंत्र नको, प्राण्यांच्या फुफ्फुसांना बाधतो. वारा थेट पेटीवर येणारं नको, सरड्याला गारठा सोसत नाही. सुवास सोडणारं तर मुळीच नको. बारीक धूळ अडवणारी जाळी हवी आणि वास शोषायला कोळशाचा थर हवा.

"आणि आबांना?" मी विचारलं. अण्णांना तो आबा म्हणायचा.

"आबांना काय, कुठलंही चालेल."

दुकानदारानं खोलीत किती माणसं झोपतात ते विचारलं. एक माणूस, एक सरडा आणि एक पाल, असं मी खरं तेच सांगितलं. "सरडा कशाला पाळायलेत, सर?" एवढंच तो म्हणाला, आणि हैदराबादहून यंत्र मागवून दिलं.

यंत्राच्या तोंडावर एक छोटा दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल. अण्णा यायच्या आधी ते खोलीत लावलं, तर दिवा सतत हिरवाच. "बिचाऱ्या पालीला उगाच बदनाम केलं आपण," बायको म्हणाली.

अण्णा एसटीनं आले, एक पिशवी आणि आईच्या हातची वाकळ घेऊन. मुलाला व्हिडिओवर नव्या यंत्राचा सोहळा बघायचा होता, म्हणून मी फोन धरून उभा होतो. अण्णा खोलीत शिरले, त्यांनी वाकळ उलगडून झटकली, आणि यंत्र लालभडक होऊन घरघरायला लागलं.

"आबा, तुम्ही जरा बाहेर थांबा ना," फोनमधून मुलगा म्हणाला. "दाराच्या बाहेर. हिरवा झाला की आत या."

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा अण्णा शाळकरी होते, आणि ती शाळा ते दाराबाहेर बसून शिकले होते. नातवाला आम्ही हे कधी सांगितलंच नव्हतं. त्याला त्याची झळ लागू नये, एवढाच हेतू होता.

अण्णांनी वाकळ गोळा केली आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. "आमच्या टायमाला मशीन न्हवती, बाबा," ते फोनकडे बघून म्हणाले. "मान्संच हे काम करायची."

आबा विनोद करतायत असं वाटून मुलगा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकळीत गावची धूळ होती, यंत्राला धूळ तेवढी कळते, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. "कळलं की रं," अण्णा म्हणाले आणि गॅलरीत जाऊन झोपले.

सकाळी पिशवी भरलेली होती. दुपारची मुखेडची बस धरायची म्हणाले. ते यंत्र उचलून खाली फेकावं इतका संताप आला होता मला. बायको ते बंद करायला गेली, तर अण्णांनीच अडवलं. "चालू ऱ्हाऊ दे. मुकी जनावरं हायती."

तेवढ्यात खालून घरमालक आले. आडत बाजारातलं मोठं प्रस्थ. घर देताना त्यांनी आधी आडनाव विचारलं होतं आणि मग दोन दिवसांनी किल्ली दिली होती. तेव्हापासून कामानिमित्त वर यायचे, पण उंबऱ्याच्या आत नाही. चहा विचारला की आत्ताच झाला म्हणायचे. आम्हीही मग विचारणं सोडलं होतं.

"सर, उद्या टँकर हाय, पिंपं मोकळी ठेवा," ते म्हणाले. "अन् ती सरड्याची मशीन बघू द्या की." कुतूहलापुढे उंबरा कुठला आठवतो? ते थेट पालीच्या खोलीत गेले. नुकतीच पूजा आटोपलेली, अंगाला धुपाचा वास, मानेला पावडर, कानात अत्तराचा फाया. यंत्रावर वाकले मात्र, दिवा लाल झाला आणि पंखा गरगरायला लागला.

"हे काय झालं?" मालक दचकले.

अण्णा पिशवी खाली ठेवून उठले. "मालक, जरा भाईर थांबा," ते शांतपणे म्हणाले. "दाराच्या भाईर. हिरवा झाला की आत या."

आणि मालक खरोखरच बाहेर जाऊन उभे राहिले, हात पुढे बांधून. अण्णा दिव्याकडे बघत बसले. हिरवा व्हायला त्यानं चांगलाच वेळ घेतला. मग अण्णांनीच त्यांना आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. गोंधळलेल्या मालकांना नाही म्हणायचं सुचलंच नाही. ते चहा पीत असताना दिवा परत लाल झाला, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मुखेडची बसही निघून गेली. दुपारी अण्णांनी सरड्याच्या पेटीशेजारी वाकळ अंथरली.

संध्याकाळी मुलानं विचारलं, "आबा, मशीन बरी आहे ना?"

"लई इमानदार हाय, बाबा. मालकालाबी भाईर उभं केलं तिनं," अण्णा म्हणाले. "गावात पायजे हुती असली एक. लई आधी."